रेसट्रॅक प्लायावरील सरकते दगड : एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर उंचीवर रेसट्रॅक प्लाया नावाचे कोरडे तळे आहे. त्याचा सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तळ जवळजवळ पूर्ण सपाट असून वाळलेल्या चिखलाला बहुकोनी भेगा पडलेल्या असतात. कडेच्या डोंगरावरून घरंगळत आलेले दगड तेथे विखुरलेले दिसतात आणि त्यांतील अनेकांच्या मागे, कोणी ओढत नेल्यासारखा, लांबच लांब चर उमटलेला असतो. पावलांचा मात्र मागमूस नसतो.

१९४८ मध्ये जिम मॅकॲलिस्टर आणि ॲलन ॲग्न्यू या भूवैज्ञानिकांनी या चरांची शास्त्रीय नोंद केली आणि सोसाट्याच्या वाऱ्याकडे व वावटळींकडे बोट दाखवले. पुढे १९५५ मध्ये जॉर्ज स्टॅन्ली यांनी, अनेक चर एकमेकांना समांतर जातात हे हेरून, दगड बर्फाच्या सलग थरात अडकून त्याच्याबरोबर वाहत जात असावेत, असा तर्क मांडला. तो बराचसा बरोबर होता. तरीही तो मागे पडला, आणि तोही एका काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगामुळे.

रॉबर्ट शार्प आणि ड्वाइट कॅरी यांनी १९६८ पासून सात वर्षे तीस दगडांवर लक्ष ठेवले. प्रत्येक दगडाला त्यांनी नाव दिले. सुमारे ३२० किलो वजनाची ‘कॅरेन’ या काळात जागची हलली नाही, परंतु अठ्ठावीस दगड सरकले. काही दगडांभोवती त्यांनी लोखंडी खुंट रोवले. बर्फाचा सलग थर असता तर तो खुंटांत अडकला असता, असा त्यांचा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात एक लहान दगड खुंटांमधून बाहेर निसटला. त्यावरून ओला, निसरडा चिखल आणि जोराचा वारा एवढे पुरेसे आहे, या मताला बळ मिळाले. बर्फ जाड आणि अभंगच असला पाहिजे, हे गृहीतक मात्र कोणी तपासले नव्हते. १९९५ मध्ये जॉन रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाची बाजू पुन्हा उचलून धरली, पण दगड हलताना कोणीच पाहिलेले नसल्यामुळे वाद मिटला नाही.

२०११ मध्ये रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस यांच्या गटाने तेथे हवामान केंद्र उभारले. उद्यानातील दगडांना भोके पाडण्यास परवानगी नसल्याने त्यांनी बाहेरून आणलेल्या पंधरा दगडांत जीपीएस यंत्रे बसवली. २० डिसेंबर २०१३ रोजी, तळ्यात काही सेंटिमीटर पाणी साचलेले असताना, साठांहून अधिक दगड त्यांच्या डोळ्यांदेखत सरकले. रात्री गोठलेला बर्फ खिडकीच्या काचेइतका, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा होता. उन्हाने तो तडकला, त्याचे विस्तीर्ण तुकडे सेकंदाला ४-५ मीटर वेगाच्या मंद वाऱ्याने पुढे सरकू लागले आणि त्यांच्या रेट्याने दगड मिनिटाला दोन ते पाच मीटर अशा संथ गतीने मऊ चिखलावरून ढकलले गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दगडाला तरंगवण्याइतका जाड बर्फ त्यासाठी मुळीच लागत नव्हता, आणि इतका पातळ थर फुटून खुंटांमधूनही सहज पुढे जाऊ शकतो.