वर्गात जाण्याआधी रोबोची तालीम

लहान मुलांना परकी भाषा शिकवण्याच्या युरोपातल्या प्रयोगांत नाओ हा ५८ सेंटिमीटर उंचीचा रोबो वारंवार भेटतो. ‘धावणे’ हा शब्द शिकवताना तो हातवारे करून दाखवतो. त्यात तोल जाऊन पडला तर महागडे सांधे मोडतात, म्हणून ही तालीम आधी संगणकात होते. वेबॉट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं आभासी शरीर असतं, सांध्यांच्या आणि वजनाच्या हिशेबासकट. तिथे तो कितीही वेळा पडला तरी चालतं. नाओची तीन बोटं एकदमच मिटतात, त्यामुळे ‘दोन’ हा आकडा त्याला बोटांनी दाखवता येत नाही, हेही धडा रचतानाच ध्यानात येतं.

मला मात्र आभासी शरीरापेक्षा आभासी विद्यार्थी जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढचा शब्द कोणता विचारायचा, हे रोबो संभाव्यतेच्या गणिताने ठरवतो. मुलाचं उत्तर बरोबर आलं की ‘हा शब्द त्याला येतो’ ही शक्यता वाढते, चुकलं की घटते. अंदाजाने लागलेलं उत्तर आणि येत असूनही झालेली चूक, दोन्ही त्यात धरलेली असतात. हे गणित तपासायला संगणकात झटपट शिकणारी, विसराळू, नुसतेच अंदाज बांधणारी अशी मुलं तयार करता येतात आणि त्यांच्यावर हजारो धडे चालवता येतात, तेही एकाही खऱ्या मुलाला न शिणवता.

खरा वर्ग मात्र या हिशेबात सहज मावत नाही. मुलांचे उच्चार यंत्राला नीट कळत नाहीत, म्हणून ‘एल-ट्यूटर’ या युरोपीय प्रकल्पात उत्तरं टॅब्लेटवर घेतली. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९४ डच मुलांच्या या अभ्यासात ३४ इंग्रजी शब्द शिकवले होते. रोबोसह शिकलेली आणि नुसत्या टॅब्लेटवर शिकलेली मुलं सारखीच शिकली. रोबोच्या हातवाऱ्यांनीही फरक पडला नाही. त्याआधी जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत रोबोवी हा इंग्रजी बोलणारा रोबो दोन आठवडे ठेवला होता. पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकांचं कुतूहल ओसरलं. ज्यांचं टिकलं, त्यांचं इंग्रजी सुधारलं.

म्हणून आभासी विद्यार्थ्यांना कंटाळाही यायला हवा. तिसऱ्या धड्याला लक्ष उडणारं, उत्तर माहीत असूनही गप्प बसणारं, मध्येच भलतंच बोलणारं मूल तालमीत नसेल, तर रोबो फक्त आज्ञाधारक मुलांनाच शिकवायला तयार होईल. अशी मुलं संगणकात घडवायची, तर अभियंत्यांनी आधी बालवाडीच्या शिक्षिकांशेजारी बसून वर्ग पाहायला हवेत.