पोरांना ‘एन्व्हायर्न्मेंट’ला घालण्याआधी
(आमच्या पाणी-माती तपासणीच्या ग्राहकांसाठी, सांगली)

बारावीचा निकाल लागला की पाण्याच्या कॅनबरोबर मार्कलिस्टही आमच्या काउंटरवर येते. बोअरचा रिपोर्ट घेता घेता कुणीतरी विचारतंच, “पोरगीला बी.एस्सी. एन्व्हायर्न्मेंटल सायन्सला घालू का? पुढं तुमच्यासारखी लॅब काढता येईल का?” दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा हा कागद छापला.

आधी एक गैरसमज. बारावीला पर्यावरणाचा पेपर असतो, प्रोजेक्टची वही उतरवून काढली की सुटला. कॉलेजातही सगळ्या शाखांना तो विषय सक्तीचा आहे. सुप्रीम कोर्टाच्या 1991 च्या आदेशापासूनची ती गोष्ट. पदवीचा त्या पेपरशी नावापुरताच संबंध. इथं झाडं लावण्यापेक्षा आकडे काढणं जास्त.

उदाहरण बघा. शेरी नाल्याचं पाणी किती घाण, हे नाकाला कळतं, पण रिपोर्टवर नाक चालत नाही. नमुना पातळ करून 300 मिलीच्या दोन बाटल्या भरायच्या, आत एक बुडबुडा राहता कामा नये. एकीत मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग ॲसिड, मग स्टार्च घालून थायोसल्फेटचं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब टाकून मोजणं. निळा रंग एका थेंबात जातो, तो थेंब चुकला की आकडा चुकला. दुसरी बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवून तेच परत. मधल्या काळात जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला, त्यावरून बीओडी (घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) निघतो. तो जितका जास्त, तितकं पाणी घाण. गुरुवारी बाटली लावली तर रविवारी उघडायला यावं लागतं, हेही त्या पदवीत धरा!

तीन वर्षांत रसायन, इकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), आणि 1974 चा पाण्याचा, 1981 चा हवेचा, 1986 चा पर्यावरण संरक्षणाचा असे कायदे येतात. फिरायला बाहेर जायची गरज नाही. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, सागरेश्वर, चांदोली, वर साताऱ्याचं कास. आणि खरा धडा तर आपल्याच रानात आहे. उसाला पाटानं पाणी सोडत राहिलं, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले, जमीन पांढरी पडली. ज्यांच्या घरची जमीन क्षारपड झालीय, त्या पोरांना ईसी (क्षार किती हे सांगणारी विद्युत वाहकता) म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

नोकऱ्या आहेत. साखर कारखाने, डिस्टिलरी आणि दूध संघांचे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्रकल्प), एमआयडीसीतले कारखाने, आमच्यासारख्या लॅब, 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांचे अहवाल करणारे सल्लागार. पण नुसत्या तीन वर्षांवर सुरुवात ईटीपीवरच्या शिफ्टनं होते, हे मनाशी धरून चाला. पुढं एम.एस्सी. करायची तयारी असेल तरच या वाटेला जावं, असं आमचं मत.

आता जे कुणी सांगत नाही ते. “फॉरेस्टमध्ये जायचंय” म्हणून पुष्कळ मुलं हा विषय घेतात. केंद्राच्या भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांतला एक तरी विषय लागतो. नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनीअरिंगची पदवी. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. म्हणून जोडीला केमिस्ट्री किंवा बॉटनी मिळते का, हे कॉलेजात आधी विचारा. लॅबच्या नोकरीलाही केमिस्ट्रीच कामाला येते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, ते त्याच कॉलेजात होतं का, हेही विचारून घ्या. माहितीपुस्तिकेवर जाऊ नका, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. इनक्युबेटर (बाटल्या ठरावीक तापमानाला ठेवायचं कपाट) बंद आणि त्यात डबे ठेवलेले दिसले तर समजून जा.

मुलांना घेऊन एक दिवस आमच्याकडे या. घरच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा त्यांनाच काढू देऊ. ईडीटीए (जडपणा मोजायचं रसायन) पडता पडता काळ्या द्राक्षाच्या रसासारखा रंग निळा होतो, तो थेंब त्यांच्या हातून पडू दे. पैसे नेहमीच्या रिपोर्टचेच. बीओडी बघायचा असेल तर सोमवारी या, म्हणजे गुरुवारी बाटली उघडतानाही बघता येईल. येताना कॅन त्याच पाण्यानं तीनदा खळबळून काठोकाठ भरा. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी आणू नका. जंतूंची तपासणी हवी असेल तर बाटली आदल्या दिवशी आमच्याकडून न्या.