बाभूळ काटेरी, तरी नाव मऊ

शब्दाचा अर्थ शब्दातच असतो की माणसं तो ठरवतात, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसा दर्शनाचे पंडित, म्हणजे मीमांसक, म्हणत, शब्द आणि अर्थ यांचं नातं मुळातलंच, ते कुणी जोडलेलं नाही. न्याय दर्शनाच्या पंडितांच्या, म्हणजे नैयायिकांच्या मते तो ठरवून दिलेला संकेत. या वादाचा एक छोटा तुकडा आता कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो.

वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली दोन आकृत्या मांडल्या, एक गोलसर फुगीर आणि दुसरी टोकदार. सोबत दोन निरर्थक शब्द होते, ‘बलुमा’ आणि ‘टकेटे’. यातला कोणता शब्द कोणत्या आकृतीचा? बहुतेकांना ‘टकेटे’ टोकदार वाटतो. रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी २००१ मध्ये ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द वापरले आणि ९५ टक्के लोक ‘किकी’ टोकदार आकृतीशी जुळवतात असं लिहिलं. पुढे २५ भाषांच्या ९१७ भाषकांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा आकडा ७२ टक्क्यांवर आला. पर्याय दोनच असल्याने डोळे मिटून निवडलं तरी ५० टक्के जुळतात, हे इथे विसरू नये.

हा कल येतो कुठून? क, ट, प उच्चारताना हवा पूर्ण अडते, क्षणभर शांतता होते आणि मग आवाज फुटतो. ल, म, न मध्ये स्वरतंत्रींचं कंपन न तुटता चालू राहतं. ओ आणि ऊ म्हणताना तर ओठच गोल होतात. मराठीत ‘खरखरीत’ आणि ‘गुळगुळीत’ शेजारी ठेवून म्हणून पाहा. ‘टोक’ आणि ‘गोल’ही तसेच.

पण लगेच ‘बाभूळ’ म्हणा. ब, भ, ळ, सगळे कंपनाचे मऊ ध्वनी, आणि झाड काट्यांनी भरलेलं. ‘टक्कल’ गुळगुळीत असूनही नाव कडक. तरी या शब्दांनी कुणा मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. ध्वनी फार तर हलकासा कल देतो. अर्थ पक्का करतो तो वापर. माझ्या मते नैयायिकांचं पारडं इथे स्पष्ट जड आहे.

प्रयोग जिथे फसतो, तिथे हे आणखी नीट कळतं. त्या मोठ्या चाचणीत रोमानियन, तुर्की आणि मँडारिन भाषकांमध्ये अपेक्षित कल दिसला नाही. रोमानियनमध्ये ‘बूबा’ म्हणजे फोड किंवा जखम, त्यामुळे तो शब्द तिथे निरर्थक राहतच नाही. नेपाळमधल्या स्युबा भाषकांनीही अशा जोडीला ठरावीक कौल दिला नाही (२०१७). संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की ते शब्द त्या भाषेच्या ध्वनिरचनेत बसणारेच नव्हते. म्हणजे हा कलसुद्धा आपल्या भाषेत घडलेल्या कानातूनच गाळून येतो.

मराठीत प्रयोग करायचा तर ‘बूबा’ नकोच. ‘बुबुळ’ आठवतं, आणि ते गोलच असतं. शेवटचा स्वरही सांभाळावा लागतो. ‘डबा-डबी’, ‘लोटा-लोटी’ या सवयीने आकारान्त शब्द मोठा आणि ईकारान्त लहान, नाजूक वाटतो, मग उत्तर ध्वनीमुळे आलं की लिंगामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही शब्द आकारान्त घ्या: ‘लोमुना’ आणि ‘किटेपा’.

आकृत्या सारख्याच आकारमानाच्या, एकाच रंगात काढा. शब्द लिहून दाखवू नका, कारण अक्षराचं वळणही डोळ्याला सुचवतं; ‘ट’चं पोट गोल आहे. २० जणांना एकेकटं विचारा, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानी पडू देऊ नका. दहा जणांना ‘लोमुना’ आधी ऐकवा, दहा जणांना ‘किटेपा’. टोकदार आकृतीही कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा. प्रत्येकाला एकदाच विचारायचं.

२० पैकी १२ जुळले तर त्यावरून काहीच ठरत नाही. १५ किंवा अधिक जुळणं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा कल आहे असं मानायला हरकत नाही. मग नव्या २० जणांवर ‘लिमेना’ आणि ‘कोटुपा’ वापरा. इथे व्यंजनं तीच आहेत, पहिले दोन स्वर तेवढे अदलाबदल केलेत. जुळणी टिकली तर जोर व्यंजनांचा, उलटली तर स्वरांचा.