सत्त्याऐंशी पटीने लहान केलेला बोरघाट

कर्जतहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोरासाठी बँकर इंजिने लावली जातात, कारण बोरघाटातला चढ १:३७ इतका, म्हणजे ३७ मीटर अंतरामागे १ मीटर उंचीचा आहे. हाच घाट घरातल्या टेबलावर उभारायचा झाला, तर रूळ, डबे आणि बोगदे प्रमाणात लहान करता येतात. निसर्गाचे नियम मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत. रेल्वे मॉडेलिंगमधले बहुतेक प्रश्न, आणि माझ्या मते त्यातली खरी गोडीही, या विसंगतीतून येते.

जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या 'एचओ' मापात सर्व लांब्या १:८७ या प्रमाणात घेतात. या मापाच्या तयार रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते, आणि ते परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजशी जुळते. आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी ते १९.३ मिलिमीटर हवे. म्हणून तयार रुळांवर उभा केलेला भारतीय डबा जाणकार डोळ्याला किंचित अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो.

वळणांच्या बाबतीत तडजोड याहून मोठी आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजच्या तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. मॉडेलमध्ये ती सुमारे २ मीटर होईल आणि तेवढ्या वळणासाठी एक अख्खी खोली लागेल. प्रत्यक्षात अनेक जण ४५ ते ६० सेंटिमीटर त्रिज्येवर समाधान मानतात. अशा वळणावर लांब गाडीचे इंजिन मधल्या डब्यांना आतल्या बाजूला ओढते, आणि डबे हलके असतील तर ते रुळावरून उतरतात.

डबे हलके का असतात, हे समजून घेण्यासारखे आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ८७ पटीने घटली, तर आकारमान, आणि त्याबरोबर वजन, ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे ६ लाख ५८ हजार पटीने घटते. या हिशेबाने ४० टनांचा रिकामा प्रवासी डबा मॉडेलमध्ये जेमतेम ६० ग्रॅमचा व्हायला हवा; पण तेवढ्या वजनावर तो रुळावर टिकून धावत नाही, म्हणून तळाशी धातूच्या पट्ट्या बसवून त्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास नेतात. गतीचेही तसेच आहे. खरी गाडी वीज बंद केल्यावरही जडत्वाने बरेच अंतर धावते, तर छोटे इंजिन प्रवाह तुटताच जागीच थांबते. ही उणीव भरून काढण्यासाठी चांगल्या इंजिनांच्या मोटारीला लहानसे फ्लायव्हील, म्हणजे फिरते जड चाक, जोडलेले असते.

ही वीज दोन रुळांतूनच येते आणि चाकांमार्फत मोटारीपर्यंत पोहोचते. त्यामुळे दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विद्युतरोधी ठेवावी लागतात. रूळ बहुधा निकेल-सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी ती तांबे, जस्त आणि निकेल यांची मिश्रधातू असून तिचा विद्युतरोध तांब्याच्या कित्येक पट असतो. शिवाय रुळांचे सांधे कालांतराने सैल होतात व काळवंडतात, म्हणून केवळ सांध्यांवर विसंबल्यास लांबच्या टोकाला इंजिन रेंगाळू लागते. यासाठी टेबलाखाली तांब्याची जाड मुख्य तारजोडी फिरवून दर मीटरभर अंतरावर तिच्यापासून पातळ तारा रुळांना डाखाने जोडतात. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही सजावटीआधी त्यावर वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रूळ वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळणार असतील, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. तेव्हा वळशाचा भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत फट ठेवून वेगळा करतात आणि गाडी त्यात असताना विजेची दिशा उलटी करतात.

चढाचे गणित सरळ आहे. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी साधारण ७५ मिलिमीटर उंची लागते. १:३७ च्या चढाने ती गाठायला पावणेतीन मीटर लांबी हवी, आणि वळण चढावरच असेल तर ओढ आणखी वाढते.

सजावटीत रंगांइतकेच पदार्थविज्ञान आहे. दूरचे डोंगर हवेत विखुरलेल्या प्रकाशामुळे फिकट आणि निळसर दिसतात, म्हणून मागच्या कड्यांना तसाच रंग द्यावा लागतो. पावसाळी सह्याद्रीचा गडद हिरवा रंग फक्त पुढच्या भागात शोभतो. धबधब्यासाठी मात्र खरे पाणी कामाचे नाही, कारण पृष्ठताणामुळे त्याचे थेंब या मापात भोपळ्याएवढे दिसतील. त्याऐवजी पारदर्शक राळ वापरतात. याच पृष्ठताणामुळे रुळांखालच्या खडीवर पातळ केलेला फेव्हिकॉल ओतला, तर तो आत न मुरता वर गोळा होऊन बसतो. त्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकले, की तो अर्ध्या मिलिमीटरच्या खड्यांमधून तळापर्यंत झिरपतो.