दगड अथेन्सला, ठसे बर्लिनला

प्राचीन ग्रीक-रोमन शिलालेखांचा अभ्यासक दगडासमोर कमी आणि कागदांच्या कपाटासमोर जास्त बसतो. ही कपाटे कशी भरत गेली हे सांगायचे, तर सुरुवात एका लबाडीपासून करावी लागते.

१७२९-३० मध्ये मिशेल फूरमाँ हा फ्रेंच धर्मगुरू ग्रीसभर हिंडला आणि शिलालेखांच्या नकलांची थप्पी घेऊन परतला. त्यातल्या बऱ्याच नकला खऱ्या होत्या, पण काही लेख त्याने घरीच रचलेले होते. १८१५ मध्ये बर्लिनच्या अकादमीने आउगुस्ट बोएक यांच्या पुढाकाराने सगळे ग्रीक शिलालेख एकत्र छापायचे ठरवले, तेव्हा हीच थप्पी पुन्हा वर आली. बोएक यांनी भाषेवरून बनावट लेख हुडकून बाजूला काढले, तेही बर्लिनमधल्या टेबलावरून. कौतुकच आहे, पण दुखणेही तिथेच होते: त्यांच्या ग्रंथाची सारी मदार दुसऱ्यांच्या नकलांवर होती. नक्कल करणाऱ्याने एखादे अक्षर चुकवले, तर बर्लिनमध्ये ते कळणार कसे?

जर्मन इतिहासकार थिओडोर मोमसेन यांनी इथेच हट्ट धरला. शक्य तिथे दगड स्वतः पाहायचा, मगच छापायचे. नेपल्सच्या राज्यातले लॅटिन लेख त्यांनी या रीतीने १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अकादमीने लॅटिन लेखांच्या महासंग्रहाचे काम त्यांच्या हाती दिले. पहिला खंड १८६३ चा, आणि आज एकूण लेख १,८०,००० च्या आसपास. त्यातली एक सोय मला फार आवडते. खोटे लेख फेकून न देता क्रमांकापुढे चांदणी लावून वेगळे छापले, म्हणजे उद्या तोच लेख कुणाला नव्याने ‘सापडला’ तर हुरळून जायला नको.

पण प्रत्येकाने प्रत्येक दगडापाशी जायचे तरी कसे? त्यावर उपाय म्हणजे ठसा. दगड धुऊन त्यावर जाड, शोषक कागद ओला करून पसरतात आणि राठ केसांच्या ब्रशने ठोकतात. कागद खाचांत शिरतो आणि वाळला की त्याच आकारात सुटून येतो. शाई लागत नाही. आपल्याकडे शाईचा बोळा फिरवून काळ्यावर पांढरी अक्षरे उठवतात, तिथला ठसा कोराच. तो वाचायचा उजेडाने: दिवा बाजूने, अगदी खाली धरायचा आणि हळूहळू सरकवायचा, की पुसट रेघ सावलीत उभी राहते. भिंतीत चिणलेल्या दगडाला असे हवे तसे फिरवता येत नाही. शिवाय दगड झिजतो, फुटतो, हरवतो. मग कधीकधी कागद तेवढा साक्षीला उरतो.

बर्लिनमध्ये असे सुमारे ८०,००० ठसे जमले आहेत. अमेरिकेत प्रिन्स्टनचा साठा बेंजामिन मेरिट यांनी १९३५ पासून वाढवला. अथेन्सच्या खंडणी-याद्यांची, म्हणजे ताब्यातल्या मित्रनगरांकडून येणाऱ्या खंडणीच्या नोंदींची, पहिली शिळा १८० हून जास्त तुकड्यांत मिळाली होती. ते कोडे जुळवताना ठशांचा मोठा आधार झाला.

अर्थात ठसा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. अथेन्स आणि सिसिलीतल्या एगेस्ता यांच्या तहाचा दगड इतका झिजलेला, की ज्याच्या नावाने वर्ष ओळखले जाई त्या अधिकाऱ्याच्या नावाची फक्त शेवटची दोन अक्षरे नीट दिसत. कुणी तिथे हाब्रोन वाचे, कुणी अँटिफोन. फरक तब्बल चाळीस वर्षांचा, आणि अथेन्सचे साम्राज्य केव्हा कडक झाले हा प्रश्नही त्याच वादात गुंतलेला. १९९० मध्ये दगडातून लेझरचा प्रकाश सोडून घेतलेली छायाचित्रे पुढे आली आणि पारडे अँटिफोनकडे, म्हणजे इ. स. पू. ४१८ कडे झुकले.

या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. भारतातल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ मध्ये भारतीय लेखसंग्रहाचा पहिला खंड काढला, तो बर्लिनच्या धर्तीच्या लॅटिन नावानेच. त्याच मालेतला वाकाटकांचा खंड १९६३ मध्ये नागपूरच्या वा. वि. मिराशींनी संपादित केला.

आता ऑक्सफर्डसह बऱ्याच ठिकाणचे ठसे संगणकावर आले आहेत आणि ग्रीक लेखांच्या संहिता शब्द टाकून शोधता येतात. मात्र शंकास्पद अक्षराखाली टिंब द्यायचा १९३१ चा लायडन संकेत आहे, आणि शोधयंत्राला टिंब असलेले आणि नसलेले अक्षर सारखेच. त्या टिंबाखाली दगडावर किती रेघ उरली आहे, ते पाहायला अजून ठसा काढून दिवा तिरपा धरावा लागतो.