समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे दुखणं खोटं?

"डॉक्टर म्हणाले समुपदेशकाकडे जा. म्हणजे माझं दुखणं मनाचंच आहे, असं त्यांना वाटतंय." आमवात झालेल्या कितीतरी बायका हे वाक्य बोलतात, आणि पुढे चिठ्ठी पर्समध्येच राहते.

हा समज चुकीचा आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सूज खरी, वेदनाही खरी. नुसत्या बोलण्याने आमवात बरा होत नाही, आणि प्रामाणिक समुपदेशक तसा दावाही करत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या असतात.

मग बोलायचं कशाबद्दल? सकाळी बोटं आखडलेली असताना डोक्यात येणाऱ्या विचाराबद्दल: "आता माझा कुणाला उपयोग नाही." अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत असा विचार कागदावर उतरवून तपासतात. भाकरी थापता येत नाही हे खरं; पण त्यावरून 'निरुपयोगी' हा निकाल कुणी लावला?

समुपदेशकाचं दुसरं काम कमी गाजलेलं, पण माझ्या मते जास्त मोलाचं. बरं वाटलं त्या दिवशी अख्खा माळा आवरायचा आणि पुढचे ३ दिवस अंथरुण धरायचं, हे चक्र तोडायला शिकवतात. अर्धा तास काम, मग विश्रांती, दुखत नसलं तरीही. (सासूबाईंना हे पटवणं हा वेगळा विषय.)

लगेच कुणाकडे जाणं जमत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.