भाड्याच्या दूरस्थ दुर्बिणीतून खगोलछायाचित्रण

परदेशातल्या काळोख्या जागी बसवलेली दुर्बीण इंटरनेटवरून तासा-मिनिटांच्या हिशोबाने भाड्याने घ्यायची आणि घरी बसून आकाशाची छायाचित्रे काढायची, असा हा छंद आहे. दुर्बीण, तिला ताऱ्यांमागे फिरवत ठेवणारे माउंट, थंड केलेला कॅमेरा आणि उघडमीट करणारे छप्पर हे सगळे सेवा देणाऱ्याचे. काय टिपायचे ते ठरवणे, वेळ राखून ठेवणे आणि हाती आलेल्या फाइलींतून चित्र घडवणे हे छंदी माणसाचे काम. स्लूह ही सेवा २००३ साली कॅनरी बेटांवरील तेइदे वेधशाळेतून सुरू झाली. आयटेलिस्कोप या अशाच सेवेच्या दुर्बिणी ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग, अमेरिकेतील यूटा अशा ठिकाणी आहेत. व्यावसायिक खगोलशास्त्रात ही पद्धत रुळलेलीच आहे: लडाखमधील हानले येथील २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवली जाते.

नागपूरकरांसाठी या सोयीचे मोल निराळे आहे. शहराचे अक्षांश सुमारे २१ उत्तर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून २१ अंशांवर दिसतो आणि दक्षिणेकडे साधारण ६९ अंश क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या) पलीकडचे आकाश कधीच उगवत नाही. मोठा मॅगेलनी मेघ (आपल्या आकाशगंगेची एक सोबती दीर्घिका) जेमतेम या रेषेपलीकडे राहतो, लहान मेघ तर आणखी खाली. नौकातल तारकासमूहातला भव्य तेजोमेघ उगवतो खरा, पण नऊ अंशांच्या वर चढत नाही. शहरात तेवढी उंची समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीच अडवते. त्यात जून ते सप्टेंबर ढग, एरवी शहराचा उजेड आणि उन्हाळ्यात रात्रीही न उतरणारा उष्मा. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचे तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की उष्णतेमुळे त्यात उमटणारा खोटा संकेत जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे मे महिन्यात गच्चीवर साध्या कॅमेऱ्याने लांब एक्सपोजर घेणे फार जिकिरीचे होते.

घड्याळ मात्र नागपूरच्या बाजूने आहे. मेच्या मध्यावर सायडिंग स्प्रिंगला पुरता काळोख पडतो तेव्हा इथे दुपारचे दोन वाजून गेलेले असतात. बाहेर ऊन रणरणत असते, खिडकीत कूलर घरघरत असतो आणि पडद्यावर दक्षिणेचे आकाश उतरत असते. चिली आणि यूटाच्या रात्री आपल्या सकाळी येतात. रात्र जागून दुसऱ्या दिवशी नोकरी गाठण्याची ओढाताण त्यामुळे टळते, आणि शाळकरी मुलांनाही सोबत बसवता येते.

नवख्याची पहिली चूक बहुधा दुर्बीण निवडताना होते. सर्वांत मोठी दुर्बीण सर्वांत चांगली, असे वाटते. पण देवयानी दीर्घिका पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट रुंद आहे. लांब नाभीय अंतराच्या, म्हणजे आकाशाचा लहानसा तुकडाच मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीत तिचा फक्त गाभा मावतो. उलट स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एका कलेहून (अंशाच्या साठाव्या भागाहून) थोडाच मोठा, आणि लहान दुर्बिणीत त्याचा ठिपका होतो. म्हणून आधी वस्तूचा आकार पाहावा, मग दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र (एका चित्रात मावणारे आकाश) जुळवावे. पैसे डॉलरमध्ये किंवा पॉइंटमध्ये कापले जातात. काही सेवांत चंद्र मोठा असताना दर उतरतात; तारकागुच्छांना आणि हायड्रोजन-अल्फासारख्या अरुंद पट्ट्याच्या, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरांना ते दिवस चालून जातात.

पहिली कच्ची फाइल उघडली की मन खट्टू होते. जवळपास काळा चौकोन, त्यात मोजके पांढरे ठिपके, एखाद्या उपग्रहाची सरळ रेघ. निराश होऊ नये. सगळे त्यातच आहे. डार्क (प्रकाश बंद ठेवून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेल्या) फ्रेम वापरून कॅमेऱ्याचे दोष काढायचे, वीस-तीस फ्रेम ताऱ्यावर तारा जुळवून एकावर एक रचायच्या, आणि मग अंधुक भागाचा उजेड हळूहळू ताणायचा. ताणता ताणता कोऱ्या वाटणाऱ्या काळोखातून तेजोमेघाच्या कडा उमटू लागतात. या छंदाचा गाभा इथेच आहे, कळ दाबण्यात नाही. चौपट एक्सपोजर घेतले तर स्वच्छता दुप्पट होते, त्यामुळे घाई करून दहा वस्तू टिपण्यापेक्षा एकीवर ठाण मांडणे बरे. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

‘दुर्बीण दुसऱ्याची, मग फोटो तुमचा कसा?’ असे विचारले जाते. निवड, योजना आणि संस्करण ज्याचे, चित्र त्याचे. मात्र दुर्बीण आणि ठिकाण चित्राखाली लिहायलाच हवे. या मार्गाने शोधही लागतात. रशियाचे लिओनिद एलेनिन यांनी १० डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या ४५ सेंमी दुर्बिणीच्या प्रतिमांत एक धूमकेतू शोधला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

डोळ्यांनी आकाश पाहण्याची सवय मात्र सोडू नये. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. नरतुरंगातला ओमेगा हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ मेमध्ये आपल्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सायडिंग स्प्रिंगच्या दुर्बिणीतून टिपावा, तिथे तो तेव्हा जवळजवळ डोक्यावर असतो. पावणेपाच तासांनी तोच गुच्छ पेंचच्या दक्षिण क्षितिजावर वीसेक अंशांवर येतो, आणि साध्या द्विनेत्रीतून कापसाच्या बोंडासारखा दिसतो.